मेंदूची लिपी शोधणारा हॅन्स बर्गर

दुसऱ्याच्या मनांत काय चाललें आहे तें आपणांस कळावें, ही इच्छा मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. आई लेंकराचें तोंड पाहून त्याचें दुखणें ओळखते, शिक्षक मुलाच्या नजरेवरून त्यानें धडा केला आहे कीं नाहीं हें ताडतात, आणि दुकानदार गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून त्याची गरज जोखतो. परंतु हीं सर्व अनुमानें होत. मनाचा व्यापार चालू असतांना त्याची खूण यंत्रावर उमटावी व कागदावर रेघेच्या रूपानें डोळ्यांस दिसावी, ह्या एका ध्यासापायीं ज्यानें आयुष्याचा मोठा भाग वेंचला, त्या हॅन्स बर्गर नांवाच्या जर्मन वैद्याचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों. त्यांत अनुकरण करण्याजोगें पुष्कळ आहे. सावध करणारेंही कांहीं आहे, आणि तें आम्ही झांकून ठेवणार नाहीं.

हॅन्स बर्गर ह्याचा जन्म २१ मे १८७३ रोजीं जर्मनींतील कोबुर्ग शहराजवळच्या नॉयझेस ह्या लहान गांवीं झाला. वडील वैद्य होते. आई ही फ्रीड्रिख रुकर्ट ह्या प्रसिद्ध कवीची कन्या. हा रुकर्ट संस्कृत, फारसी, अरबी इत्यादि पौर्वात्य भाषांचा मोठा पंडित होता. आपल्या महाभारतांतील नळदमयंतीची कथा त्यानें जर्मन पद्यांत आणून १८२८ सालीं प्रसिद्ध केली होती. नातवाच्या जन्मापूर्वीं सात वर्षें तो वारला. परंतु त्याचें नांव व त्याचे ग्रंथ घरांत होतेच. दमयंतीचें मन हंसानें नळाकडे नेऊन पोंचविलें, ही आमच्या मुलांस पाठ असलेली गोष्ट त्या जर्मन घरासही परकी नव्हती.

१८९२ सालीं शाळेचा अभ्यासक्रम संपवून हॅन्स विद्यापीठांत गेला, तेव्हां वैद्य होण्याचा त्याचा विचार नव्हता. त्याची ओढ गणित व ज्योतिषशास्त्र ह्यांकडे होती. परंतु थोड्याच अवधींत तो एक वर्षाच्या सैनिकी नोकरीस गेला. तेथें १८९३ सालीं व्यूर्त्सबुर्ग येथें कवाईत चालली असतां त्याचा घोडा एकाएकीं बिथरला आणि हॅन्स खालीं कोसळला, तो नेमका घोड्यांनीं ओढल्या जाणाऱ्या तोफेच्या वाटेंत. तोफ अगदीं शेवटच्या क्षणीं थांबली, म्हणून तो वांचला. त्याच दिवशीं सायंकाळीं त्याच्या हातीं वडिलांची तार पडली. तींत त्याची खुशाली विचारलेली होती. घरून अशी तार त्याला पूर्वीं कधींच आली नव्हती. मागाहून कळलें तें असें कीं, आपला भाऊ संकटांत आहे असें घरीं त्याच्या बहिणीच्या मनानें घेतलें आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनीं ती तार केली.

चिकित्सक वाचक हा योगायोग म्हणतील, व आमचेंही मत तसेंच आहे. जिवलगांविषयीं मनांत भीति उत्पन्न होते असे प्रसंग वर्षांतून किती तरी येतात; खोटी ठरलेली भीति आपण विसरून जातों, खरी ठरलेली तेवढी जन्मभर स्मरणांत राहते. परंतु नुकताच मृत्यूच्या दाढेंतून सुटलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला असा हिशेब सुचला नाहीं. आपल्या भयाचा संदेश आपल्या मेंदूंतून निघाला आणि बहिणीच्या मेंदूनें तो घेतला, अशी त्याची दृढ समजूत झाली. आकाशांतील तारे सोडून त्यानें मनुष्याच्या डोक्यांत काय घडतें ह्याचा शोध करावयाचें ठरविलें. ज्या कारणास्तव त्यानें वाट बदलली तें कारण कच्चें होतें. पण त्या वाटेवर त्याला जें सांपडलें तें पक्कें ठरलें.

त्यानें वैद्यकाचा अभ्यास केला, १८९७ सालीं पदवी घेतली व येना येथील विद्यापीठाच्या मानसरोग-रुग्णालयांत ओट्टो बिन्सवांगर ह्या आचार्याच्या हाताखालीं नोकरी धरली. पुढील एक्केचाळीस वर्षें, युद्धाचा काळ वगळतां, त्याचें सारें काम त्याच एका रुग्णालयांत झालें.

त्याचा विचार थोडक्यांत असा होता. सृष्टींतील शक्ति नाहींशी होत नाहीं, तिचें केवळ रूपांतर होतें. मेंदूस रक्तावाटे जी शक्ति मिळते, तिची कांहीं उष्णता होते, कांहीं वीज होते आणि जी बाकी राहते ती मनाच्या व्यापाराकडे जात असली पाहिजे. घरच्या जमाखर्चांत सर्व खर्च मांडून झाल्यावर शिल्लक काढावी, त्याप्रमाणें उष्णता व वीज मोजून मनाचा वांटा काढतां येईल, अशी त्याची कल्पना. म्हणून प्रथम त्यानें मेंदूंतील रक्ताभिसरण मोजलें व त्यावर १९०१ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. नंतर मेंदूची उष्णता मोजली. त्यावरील पुस्तक १९१० सालीं निघालें. दोन्ही वेळां परिश्रम मोठे झाले व फळ थोडें आलें. हिशेब जुळला नाहीं.

राहतां राहिली वीज. इंग्लंडांत लिव्हरपूल येथील रिचर्ड केटन ह्यानें १८७५ सालींच ससे व माकडें ह्यांच्या उघड्या मेंदूवर विजेचा सूक्ष्म प्रवाह असल्याचें दाखविलें होतें. परंतु जिवंत मनुष्याच्या मेंदूची वीज कोणीं मोजली नव्हती. बर्गरनें १९०२ सालीं कुत्र्यावर प्रयोग आरंभिले. त्या वेळीं त्याच्यापाशीं साधन होतें तें म्हणजे बारीक कांचेच्या नळींत पारा भरलेला विद्युन्मापक. विजेचा दाब बदलला कीं पारा किंचित् हलतो, एवढेंच त्यांतील रहस्य. त्यांत यश आलें नाहीं. पुढें दुसऱ्या यंत्रानेंही त्यानें यत्न केले. तेही फुकट गेले. तितक्यांत १९१४ सालचें महायुद्ध उद्भवलें आणि त्याला सैन्याचा वैद्य म्हणून पश्चिम आघाडीवर जावें लागलें. युद्ध संपल्यावर १९१९ सालीं बिन्सवांगरच्या जागीं त्याची रुग्णालयाचा मुख्य म्हणून नेमणूक झाली.

अधिकार मिळाला, परंतु देशाची दैना झालेली होती. १९२३ सालच्या नोव्हेंबरांत एका अमेरिकन डॉलरास चार लाख वीस हजार कोटी मार्क मोजावे लागत. ज्या देशांत पावाचा दर सकाळचा संध्याकाळीं टिकत नसे, तेथें मनाची वीज मोजण्याच्या यंत्रासाठीं द्रव्य कोणापाशीं मागावें? शिवाय मागतांना कारण काय सांगावें? बहिणीच्या तारेची गोष्ट सांगावी, तर विद्वान् मंडळी हंसणार. तेव्हां बर्गरनें मौन धरलें. दिवसभर तो रुग्णालयाचें काम घड्याळाच्या कांट्याप्रमाणें करी, आणि तें आटोपल्यावर सायंकाळीं एकटा प्रयोगाच्या खोलींत जाई. तेथें काय चालतें हें त्याच्या हाताखालच्या वैद्यांसही नीट ठाऊक नसे. विजेच्या शास्त्राचें त्याचें शिक्षणही बेताचेंच होतें. लागेल तेवढें तो स्वतःच शिकला.

त्याचें यंत्र मुळांत हृदयाच्या परीक्षेसाठीं निघालेल्या जातीचें होतें. लोहचुंबकाच्या दोन टोंकांमध्यें कोळ्याच्या तंतूसारखा बारीक धागा ताणलेला. त्यांतून वीज गेली कीं तो हालतो, आणि त्याची छाया सरकत्या फोटोच्या कागदावर पडून रेघ उमटते. हृदयाची वीज बरीच जोरकस असल्यामुळें तेथें हें साधे. मेंदूचें तसें नाहीं. बॅटरीच्या साध्या एका सेलमध्यें दीड व्होल्ट दाब असतो. डोक्याच्या कातड्यावर मिळणारा मेंदूचा दाब त्याच्या सुमारें तीस हजाराव्या हिश्श्याएवढा भरतो. भरल्या बाजारांत शेजारच्या गल्लींतील कुजबुज ऐकावी, तशांतला हा प्रकार.

६ जुलै १९२४ रोजीं, म्हणजे त्या भयंकर महागाईस आठ महिनेही झाले नसतां, सतरा वर्षांच्या एका रोग्यावर बर्गर प्रयोग करीत होता. शस्त्रक्रियेसाठीं त्या मुलाच्या कवटीच्या एका भागाचें हाड काढलेलें असल्यामुळें मेंदू व यंत्राची तार ह्यांमध्यें कातड्याचाच पडदा होता. त्या दिवशीं तो धागा किंचित् थरथरला. मनुष्याच्या मेंदूची वीज प्रथम टिपली गेली ती ह्या वेळीं. केटनच्या शोधास तेव्हां जवळजवळ पन्नास वर्षें होत आलीं होतीं.

एखाद्या उतावळ्या माणसानें दुसऱ्याच दिवशीं ही वार्ता वर्तमानपत्रांत दिली असती. बर्गर पांच वर्षें गप्प राहिला. ही थरथर हृदयाच्या ठोक्याची तर नसेल? रक्तवाहिनीच्या उडण्याची, डोळ्यांच्या हालचालीची, कपाळाच्या स्नायूंची किंवा यंत्राच्याच एखाद्या दोषाची नसेल ना? असे आक्षेप शत्रूनें काढण्यापूर्वींच त्यानें ते स्वतःवर घेतले. मेंदूच्या रेघेबरोबर हृदयाची रेघ त्याच कागदावर काढून त्यानें दोन्ही ताडून पाहिल्या. पुढें सीमेन्स कारखान्याचें अधिक नाजूक यंत्र त्यास मिळालें. त्याचा मुलगा क्लाउस पुनःपुनः डोक्यास तारा लावून घेऊन बापापुढें स्वस्थ बसे. पत्नी उर्सुला ही विवाहापूर्वीं त्याच्या कामांत साहाय्यक होती. अखेर १९२९ सालीं मनुष्याच्या मेंदूच्या विद्युत्-आलेखाविषयीं त्याचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. त्याच मथळ्याखालीं १९३८ पर्यंत त्याचे एकंदर चौदा निबंध निघाले.

त्यांत त्याला दिसलें तें असें. मनुष्य डोळे मिटून निवांत बसला असतां मेंदूंतून एका सेकंदास सुमारें दहा लहरी संथपणें उमटतात. ह्यांस त्यानें आल्फा लहरी हें नांव दिलें. डोळे उघडले किंवा मन एखाद्या हिशेबांत गुंतलें कीं त्या मोठ्या लहरी मावळतात आणि त्यांच्या जागीं लहान व जलद लहरी येतात. त्या बीटा लहरी. येथें एक नवल ध्यानांत घ्यावें. मन कामास लागलें म्हणजे लहरी वाढाव्या अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षांत त्या लहान होतात. शांत मेंदूंतील असंख्य पेशी एका तालावर चालतात म्हणून त्यांची लहर मोठी दिसते. काम सुरू झालें कीं जो तो आपापल्या उद्योगास लागतो व ताल मोडतो. प्रार्थनेनंतर वर्ग सुरू झाला म्हणजे शाळेंतील एकसुरी आवाज मोडून खोलीखोलींतून निरनिराळे आवाज निघूं लागतात, तसेंच हें आहे.

विद्वानांनीं ह्या निबंधांकडे प्रथम पाठ फिरविली. एवढा गुंतागुंतीचा मेंदू इतक्या साध्या तालांत बोलेल हें कोणास खरें वाटेना. उलट वर्तमानपत्रांनीं १९३० च्या सुमारास भलताच गाजावाजा केला. आतां मेंदू स्वतःच्या लिपींत लिहूं लागला, लवकरच माणसाचे विचार कागदावर वाचतां येतील, अशीं भाकितें निघालीं. शास्त्रज्ञांचा अविश्वास आणि लोकांचा अतिविश्वास ह्या दोहोंच्या कात्रींत हा मितभाषी मनुष्य सांपडला.

द्रव्याची अडचण दूर झाली ती त्याच्याच गांवांतून. येना येथें दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक यंत्रें करणारा कार्ल झाइस ह्यांचा कारखाना आहे. त्याचे चालक एर्न्स्ट आबे ह्यांनीं १८८९ सालीं एक निधि स्थापून कारखान्याच्या मिळकतीचा वांटा कामगारांच्या कल्याणाकडे व विद्यापीठांतील शास्त्राकडे जावा अशी तजवीज केली होती. १९३० नंतरच्या वर्षांत ह्या झाइस निधीनें बर्गरला हात दिला आणि मेंदूची क्षीण वीज अनेकपट वाढवून दाखविणारें यंत्र त्याच्या हातीं आलें. त्याच सुमारास बर्लिनजवळ बूख येथें अमेरिकेच्या रॉकफेलर संस्थेच्या साह्यानें मेंदूच्या संशोधनाचें भव्य मंदिर उभें राहिलें; तेथील तरुण शास्त्रज्ञांपाशीं उत्तम यंत्रें होतीं व कसलेला यंत्रज्ञही होता. त्यांच्यापुढें येना येथील वृद्ध वैद्याची लहान खोली कांहींच नव्हती. तरी आरंभ त्या खोलींत झाला होता. आबे ह्यांनीं निधि केला तेव्हां बर्गर सोळा वर्षांचा शाळकरी पोर होता. दानाचें झाड लावणाऱ्यास त्याचें फळ कोण खाईल हें ठाऊक नसतें, तें असें.

खरी मान्यता परदेशांतून आली. नोबेल पारितोषिक मिळविलेले केंब्रिजचे एड्रियन ह्यांनीं आपले सहकारी मॅथ्यूज ह्यांसह १९३४ सालीं तेच प्रयोग करून पाहिले. त्यांस आरंभीं शंकाच होती. परंतु एड्रियनच्या स्वतःच्याच डोक्यांतून त्या आल्फा लहरी स्वच्छ निघाल्या. पाण्यांतील एका किड्याच्या मज्जातंतूंतही अंधारांत तसाच ताल दिसतो व उजेड पडतां मावळतो, असेंही त्यांनीं दाखविलें! त्यांनीं मोठेपणानें त्या लहरींस बर्गरचें नांव दिलें. १९३५ सालीं अमेरिकेंत गिब्ज, डेव्हिस व लेनक्स ह्यांनीं अपस्माराच्या, म्हणजे फेंफऱ्याच्या, एका प्रकारांत सेकंदास तीन असा विशिष्ट आलेख उमटतो हें सिद्ध केलें, आणि वैद्यांच्या हातीं खरें हत्यार आलें. १९३७ सालीं पॅरिस येथील मानसशास्त्राच्या परिषदेंत बर्गरचा एड्रियनच्या बरोबरीनें गौरव झाला.

येथें कथा संपली असती तर आम्हांस आनंद झाला असता. परंतु सत्य अर्धेंच सांगणें हें शिक्षकास शोभत नाहीं. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरचें राज्य आलें व त्याच वर्षीं एक कायदा झाला. आनुवंशिक मानलेल्या कित्येक रोगांच्या माणसांस, त्यांची इच्छा असो वा नसो, शस्त्रक्रियेनें अपत्यहीन करावें, असें त्यांत होतें. अंध, बधिर, मंदबुद्धि, वेडे आणि अपस्मारी हे सर्व त्यांत आले. सुमारें चार लक्ष लोकांवर हा अन्याय झाला. त्याविरुद्ध दाद मागावयाची तर वरिष्ठ न्यायमंडळाकडे. आणि येना येथील अशा न्यायमंडळांत वैद्य म्हणून हॅन्स बर्गर बसला होता. त्या राजवटीनें त्याला छळलें असें पुष्कळ वर्षें लिहिलें जात असे. पण जुनीं दप्तरें तपासतां इतिहासकारांस हें निराळेंच आढळलें. ज्याच्या यंत्रानें अपस्माराच्या रोग्यांस पुढें दिलासा मिळाला, त्याच मनुष्यानें तशाच रोग्यांविषयीं निर्दय कायदा चालविणारांस साह्य केलें. मेंदूंतील लहर त्यास ऐकूं आली. न्यायमंडळापुढें उभ्या राहिलेल्या माणसाचें दुःख ऐकूं आलें नाहीं. विद्या मोठी असली म्हणजे विवेक जागा असतोच असें नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्यावरून मनावर बिंबवून घ्यावें.

१९३८ सालीं, पासष्टाव्या वर्षीं, तो निवृत्त झाला. १९४० सालीं त्यानें मनाविषयीं एक लहान पुस्तक प्रसिद्ध करून त्यांत त्या जुन्या तारेची हकीकत सांगितली. सत्तेचाळीस वर्षें त्यानें ती हृदयाशीं बाळगली होती! जिच्यासाठीं एवढा खटाटोप केला ती मेंदूची वीज फारच क्षीण असून तिच्या बळावर विचार दूर जाणें शक्य नाहीं, हें त्याच्याच मापनांनीं दाखविलें होतें. पुढें देहाची प्रकृति ढासळली, मनास खोल उदासीनतेनें ग्रासलें, आणि १ जून १९४१ रोजीं त्यानें स्वतःच आपलें जीवन संपविलें. जन्मभर इतरांच्या मनाचीं दुखणीं पाहणारास आपलें दुखणें कोणापाशीं उघड करतां आलें नाहीं. मुलांनो, मनाचें दुखणें हें तापासारखेंच दुखणें आहे. तें लपवूं नका, वडील माणसांस सांगा. आणि आईबापांनीं तें ऐकून घ्यावें, हंसण्यावारीं नेऊं नये.

आज हा आलेख ई. ई. जी. ह्या नांवानें आपल्या शहरांतील इस्पितळांतही काढतात. अपस्माराचें निदान, झोंपेची तपासणी, बेशुद्ध रोग्याची देखरेख, ह्या सर्वांत तो उपयोगी पडतो. १९९९ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील शास्त्रज्ञांनीं, सर्व अंग लुळें पडलेल्या रोग्यांस केवळ मेंदूच्या लहरींच्या साह्यानें एकेक अक्षर निवडून पत्र लिहितां येतें, हें दाखविलें. ज्याची जीभ व हात दोन्ही बंद पडले त्याचें मन असें घरच्यांपर्यंत पोंचलें. बर्गरला हवें होतें तें ह्याच जातीचें होतें, असें आम्हांस वाटतें.

परंतु दुसरी बाजूही आहे, व ती आपल्या घराजवळची आहे. २००८ सालीं पुणें येथील एका न्यायालयानें खुनाच्या खटल्यांत मेंदूच्या अशाच आलेखाचा आधार पुराव्यांत घेतला, आणि जगभर त्याची चर्चा झाली. पुढें ५ मे २०१० रोजीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, अशी परीक्षा कोणावरही त्याच्या संमतीवांचून करतां येणार नाहीं. कारण कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडूं नये असें आपली राज्यघटना सांगते. हा निकाल आम्हांस फार योग्य वाटतो. लहरी वाचतां येतात; परंतु लहर म्हणजे विचार नव्हे, आणि आलेख म्हणजे अंतःकरण नव्हे.

विद्यार्थ्यांनो, ह्या चरित्रांतून तीन गोष्टी घ्या. वारंवार अपयश आलें तरी काम सोडूं नका. यश आलें असें वाटलें तर जगाआधीं तुम्हीच त्याची कसून परीक्षा घ्या. आणि कितीही मोठें ज्ञान मिळविलें तरी दुबळ्या माणसाविषयींची दया हातची जाऊं देऊं नका. यंत्रें दिवसेंदिवस अधिक सूक्ष्म होत जातील. तथापि मनुष्याचें अंतःकरण संपूर्ण पाहणारा एकच आहे, आणि तो तें पाहतो तें प्रीतीनें पाहतो. आपणही एकमेकांच्या मनाकडे पाहूं तें तसेंच पाहावें, एवढीच आमची इच्छा आहे.